निषिद्ध : अर्थ आणि वापर

‘निषिद्ध’ हे संस्कृतातून जसेच्या तसे मराठीत आलेले विशेषण. ‘नि’ या उपसर्गापुढे ‘सिध्’ हा धातू आला, की इकारामुळे ‘स’चा ‘ष’ होतो. ‘सिद्ध नाही ते निषिद्ध’ अशी फोड पुष्कळदा ऐकू येते, पण ती चुकीची आहे. मूळ अर्थ दूर सारणे, रोखणे असा. त्यावरून शास्त्राने, रूढीने किंवा कायद्याने मनाई केलेले ते निषिद्ध.

मनाई करणारा कोणी अधिकारी आहे, हे या शब्दात गृहीत असते. ‘वर्ज्य’मध्ये तसे नाही. मालकंसात ऋषभ आणि पंचम वर्ज्य असतात. त्यांना निषिद्ध स्वर म्हणत नाहीत. ‘प्रतिबंधात्मक’ आणखी वेगळा. प्रतिबंधात्मक लस रोगाला अटकाव करते. ती स्वतः निषिद्ध नसते.

गंमत ‘निषेध’ या नामाची आहे. विधिनिषेधांच्या जोडीत त्याचा जुना अर्थ टिकला. एरवी मराठीत निषेध म्हणजे तीव्र नापसंती जाहीर करणे, आणि तो बहुधा सत्ताधाऱ्यांचाच होतो! म्हणून हिंदी वृत्तपत्रांतील ‘निषेधाज्ञा’ मराठीत रुळली नाही. येथे ‘मनाई आदेश’ किंवा ‘जमावबंदी’ म्हणतात. (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ ऐवजी १ जुलै २०२४ पासून हे आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात.) विशेषणाने मात्र नामाची वाट धरली नाही. लोकांनी ज्या निर्णयाचा निषेध केला, तो ‘निषिद्ध निर्णय’ होत नाही.

या शब्दाचे वजन कळते ते महाडला. चवदार तळे सर्वांसाठी खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ मध्ये केला होता, तरी अस्पृश्यांना ते पाणी रूढीने निषिद्धच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी ते ओंजळीने प्राशन केले. पुढे संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट करून तिचे कोणत्याही स्वरूपातील आचरण निषिद्ध ठरवले. मनाई करणारेच मनाईच्या कक्षेत आले. शब्द तोच, अधिकार बदलला.

शब्द तत्सम असल्याने ‘षि’ ऱ्हस्वच लिहावा. ‘निषीद्ध’ आणि ‘निशिद्ध’ ही दोन्ही रूपे अशुद्ध होत.