पोटरीचं माप

एडिनबरात किल्ट भाड्याने देणाऱ्या एका दुकानात मी मापं घेते. कंबर किती, किल्ट गुडघ्याच्या किती वर, यावर गिऱ्हाईक अर्धा अर्धा तास काथ्याकूट करतं. मोज्यांचं विचारलं की बुटाचा नंबर सांगून मोकळं होतं. लग्नाच्या फोटोत मग दगा देतात ते मोजेच.

या मोज्यांत सगळा प्रश्न पोटरीचा. वरची दुमड गुडघ्याच्या वाटीखाली तीनेक बोटं बसायला हवी. दुमडीच्या आत बंद आवळलेला, त्याची रंगीत टोकं बाहेरच्या अंगाला डोकावणारी, आणि मोज्यात खोचलेली छोटी सुरी नाचतानाही हलणार नाही एवढी पकड. रग्बी खेळणाऱ्याच्या पोटरीवर तयार मोजा चढवला की विणीतून कातडी दिसते. सडपातळ पायावर तोच मोजा दुसऱ्या नाचापर्यंत घोट्याशी गोळा होतो.

जुन्या हायलँडरांचे मोजे विणलेले नसत, शिवलेले असत. मागावरचं टार्टन, म्हणजे चौकड्यांचं लोकरी कापड, उरेब कापायचं आणि मागच्या बाजूला शिवण घालायची. ब्लाउजच्या गळ्याला उरेब पट्टी का लावतात हे आपल्या शिंप्याला सांगावं लागत नाही, तेच इथेही. उभं-आडवं कापड अंगाला धरत नाही, उरेब धरतं. प्रत्येक जोड एकाच माणसाच्या पायासाठी बेतलेला. तिरकं कापल्यामुळे कापडावरचे चौकोन पायावर शंकरपाळे होऊन उतरत. पुढे विणणाऱ्यांनी तीच नक्षी सुयांवर घेतली, रंगागणिक लोकरीची वेगळी गुंडी सांभाळत. गोल्फच्या स्वेटरवर मिरवणारी ‘अर्गाइल’ नक्षी अशी शिंप्याच्या कात्रीतून आलेली आहे.

1746 मध्ये कलोडनच्या लढाईत जॅकोबाइट बंडखोरांचा पाडाव झाला आणि त्याच वर्षी हायलँडच्या पोशाखावर बंदीचा कायदा आला. पहिल्यांदा सापडलात तर सहा महिने तुरुंग, पुन्हा सापडलात तर सात वर्षं काळं पाणी. सूट होती ती सरकारी पलटणींच्या शिपायांना. कायदा 1782 मध्ये उठला, पण तोवर किल्ट उजळ माथ्याने वावरला तो पलटणींतच. माझ्या मते मोज्यांचं नशीब तिथेच फिरलं. पलटणीला पायापेक्षा रांग महत्त्वाची. ब्लॅक वॉच पलटणीचे मोजे लाल-काळे, अर्गाइल पलटणीचे लाल-पांढरे. पहिल्या महायुद्धात तर पाऊलच नसलेले मोजे चालत. वर पोटरीपुरती नळी, खाली साधा मोजा, सांधा घोट्यावरच्या गेटरखाली झाकलेला. मला ही युक्ती मनापासून आवडते, कारण झिजतं ते पाऊल, पोटरी नव्हे.

चौथ्या जॉर्जने 1822 मध्ये एडिनबरात येऊन किल्ट घातला तेव्हा त्याने पायांचा प्रश्न राजेशाही थाटात सोडवला. आत चक्क गुलाबी तंग विजार! चित्रकार विल्कीने नंतर त्याचं चित्र काढलं, त्यात ती विजार सोयीस्करपणे गायब आहे.

विणकामाचं खरं राज्य ॲबर्डीनकडे होतं. टॉमस पेनंट नावाचा प्रवासी 1769 मध्ये तिथे गेला, त्याने हिशेबच मांडून ठेवलाय. वर्षाला 69,333 डझन जोड. खेड्यापाड्यांतल्या लोकांना डझनामागे सूत कातायचे 4 शिलिंग, विणायचे 14. म्हणजे एका जोडाच्या विणाईला 1 शिलिंग 2 पेन्स. हे मोजे किल्टवाल्यांसाठी नव्हते, बहुतेक माल जहाजाने युरोपात जाई. पण पोटरीला आकार देण्याचं कसब तेच. गुडघ्याखालून उतरताना मागच्या मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंनी टाके कमी करत घोट्यापर्यंत यायचं. दोनच वर्षांनी, 1771 मध्ये, दक्षिणेला हॉइक गावात जॉन हार्डी या बेलीने, म्हणजे नगर-दंडाधिकाऱ्याने, चार विणयंत्रं आणून बसवली आणि त्या गावाचं नशीब लोकरीला बांधलं गेलं. तिकडे फ्रान्सबरोबरच्या युद्धांत युरोपची बाजारपेठ तुटली, ॲबर्डीनच्या सुया थंडावल्या.

यंत्राला मी नावं ठेवणार नाही. त्या जुन्या यंत्रावरही सपाट तुकडा विणत, टाके कमी करत आणि मागे शिवण घालत. पोटरीला जागा मिळे. घात केला तो गोल यंत्राने. ते सरळ नळी काढतं, आकाराचं काम रिबवर आणि नायलॉनवर सोडून देतं. त्यात आम्हा भाड्याच्या दुकानांनी पांढरे मोजे लोकांच्या गळ्यात मारले, कुठल्याही टार्टनवर खपतात म्हणून. इथली जुनी मंडळी त्यांच्याकडे बघून नाक मुरडतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

मध्ये ठाण्याचा एक नवरदेव आला होता, मुलगी इथली. “ताई, मोजे काय, कोणतेही द्या,” म्हणाला. मी टेप लावली तर पोटरीचा घेर सतरा इंच. मुलगा रोज सायकल चालवणारा. आमच्या फळीवर त्याच्या मापाचं काही नव्हतं. त्याला हाताने विणून देणाऱ्या बाईंचा पत्ता दिला. मालकाला ते रुचलं नाही, पण मोजे बसले.

तेव्हा किल्ट खुशाल भाड्याने न्या, दोन-चार तासांचं काम असतं. मोजे मात्र स्वतःचे घ्या, लोकर जास्त असलेले. संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, पोटरीच्या सर्वांत जाड भागाचा घेर आणि गुडघ्याखालून टाचेपर्यंतची लांबी मोजा. दुकानात आधी हे दोन आकडे सांगा, बुटाचा नंबर त्यानंतर.