टपालातून उभे राहिलेले संमेलन

विज्ञानकथेचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष साहजिकच लेखकांकडे, संपादकांकडे आणि फार तर मुखपृष्ठे रंगवणाऱ्या चित्रकारांकडे जाते. त्या कथा विकत घेऊन वाचणारा, संपादकाला लांबलचक पत्रे धाडणारा, पदरमोड करून स्वतःचे चार पानी नियतकालिक काढणारा आणि वर्षाकाठी एकदा शेकडो मैलांचा प्रवास करून आपल्यासारख्याच वाचकांना भेटायला जाणारा जो वर्ग १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये तयार झाला, त्याची बोळवण मात्र बहुधा एखाद्या तळटीपेत होते. या वर्गाने उभारलेले वार्षिक जागतिक संमेलन, म्हणजेच वर्ल्डकॉन, आजही भरते आणि ते आजही बिनपगारी हौशी माणसेच भरवतात. त्याचे अनेक नियम बाहेरच्या माणसाला विक्षिप्त वाटतात, परंतु हे संमेलन मुळात टपालव्यवहाराचे वाढलेले रूप आहे हे ध्यानात घेतले, की त्यांतील बहुतेकांची संगती लागते.

ह्यूगो गर्न्सबॅक हे लक्झेंबर्गमध्ये जन्मलेले आणि १९०४ मध्ये अमेरिकेत स्थायिक झालेले गृहस्थ रेडिओचे सुटे भाग विकत आणि तांत्रिक विषयांवरची मासिके काढत. एप्रिल १९२६ मध्ये त्यांनी ‘अमेझिंग स्टोरीज’ हे केवळ विज्ञानकथांना वाहिलेले पहिले इंग्रजी मासिक सुरू केले. लाकडाच्या लगद्यापासून बनवलेल्या स्वस्त, खरखरीत कागदावर छापल्या जाणाऱ्या अशा मासिकांना ‘पल्प’ म्हणत, आणि त्यांची भडक मुखपृष्ठे पाहून शिक्षक व पालक नाके मुरडत. गर्न्सबॅक यांच्या मासिकातील वाचकांच्या पत्रांच्या सदरात पत्रलेखकाच्या नावाखाली त्याचा पूर्ण पत्ता छापला जात असे. या साध्या प्रथेचे परिणाम संपादकाच्या अपेक्षेपलीकडे गेले, कारण आपल्या गावात या कथा वाचणारे आपण एकटेच आहोत असे समजणाऱ्या मुलाला दुसऱ्या राज्यातील तशाच मुलाचा ठावठिकाणा त्यातून मिळाला आणि संपादकाला वगळून वाचकांचा आपापसांत पत्रव्यवहार सुरू झाला. मे १९३० मध्ये रेमंड पामर यांच्या संपादनाखाली एका पत्रव्यवहार मंडळाचे ‘द कॉमेट’ हे मुखपत्र निघाले. ते चाहत्यांचे पहिले नियतकालिक मानले जाते. १९३४ मध्ये गर्न्सबॅक यांनीच आपल्या ‘वंडर स्टोरीज’ मासिकातर्फे ‘सायन्स फिक्शन लीग’ स्थापन करून गावोगावच्या वाचकांना शाखा काढण्याचे आवाहन केले. हेतू अर्थातच मासिकाचा खप वाढवण्याचा होता, पण लीग विस्कटल्यावरही तिच्या काही शाखा टिकून राहिल्या. लॉस एंजेलिसची शाखा नाव बदलून आजतागायत चालू आहे, आणि गुरुवारी जमण्याचा तिचा परिपाठ इतका जुना आहे, की त्याची कारणे विचारण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही.

या चाहत्याचे रोजचे आयुष्य प्रवासापेक्षा कागद, शाई आणि पोस्टाची तिकिटे यांत अधिक गुंतलेले असे. आर्थिक मंदीच्या काळातील ही शाळकरी किंवा नुकतीच कामाला लागलेली मुले होती आणि त्यांतली बहुसंख्य मुलगे होते. छापखान्याचा खर्च त्यांच्या आवाक्याबाहेरचा असल्याने त्यांनी दोन स्वस्त साधने जवळ केली. पहिले हेक्टोग्राफ, म्हणजे उथळ तबकात जिलेटिन आणि ग्लिसरीन यांचा थर जमवून त्यावर खास शाईने लिहिलेला कागद दाबायचा, शाई थरात उतरली की त्यावर कोरे कागद एकेक करून टेकवायचे आणि उचलायचे. प्रत्येक प्रतीगणिक जांभळी अक्षरे फिकट होत जात आणि पन्नासेक प्रतींनंतर मजकूर वाचता येईनासा होई, त्यामुळे वाचकवर्गाची कमाल मर्यादा यंत्रच ठरवून टाके. दुसरे साधन म्हणजे मेणकागदाच्या स्टेन्सिलवर टंकलेखन करून हाताने दांडा फिरवत प्रती काढण्याचे सायक्लोस्टाइल यंत्र. मुंबईत १९५० नंतरच्या दशकात ‘शब्द’सारखे कवितेचे अनियतकालिक याच जातीच्या यंत्रावर निघाले, हे मराठी वाचकाला आठवेल. अशा हौशी अंकांना ‘फॅनझीन’ हे नाव लुई रसेल शोवने यांनी १९४० मध्ये दिले आणि ते रूढ झाले.

फॅनझीनचे अर्थकारण विक्रीवर चालत नसे. अंकावर किंमत छापलेली असली तरी तो मिळवण्याचे राजमान्य मार्ग दोनच होते : आपला अंक बदल्यात पाठवणे, किंवा आलेल्या अंकावर सविस्तर अभिप्रायाचे पत्र लिहिणे. फॉरेस्ट ॲकरमन आणि ‘मोरोजो’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या मर्टल डग्लस यांनी तर केवळ वाचकांच्या पत्रांनी भरलेले एक नियतकालिक चालवले. १९३७ मध्ये डोनाल्ड वोलहाइम आणि जॉन मिशेल यांनी ‘फापा’ नावाची मंडळी स्थापन केली. तिची पद्धत अशी, की प्रत्येक सदस्याने आपल्या अंकाच्या ठरावीक प्रती एका मध्यवर्ती व्यक्तीकडे पाठवायच्या आणि त्या व्यक्तीने सर्वांचे अंक एकत्र बांधून प्रत्येकाला एकेक गठ्ठा परत धाडायचा. यात लेखक, वाचक, मुद्रक आणि समीक्षक हे सगळे एकच असत. अशा बंदिस्त वर्तुळातले लेखन बरेचदा आत्ममग्न आणि क्वचित बालिश होई हे नाकारण्यात अर्थ नाही, परंतु फ्रेडरिक पोल, रे ब्रॅडबरी, जेम्स ब्लिश यांच्यासारख्यांचे हात याच कागदांवर वळले.

पत्रांतून ओळखी झाल्यावर भेटण्याची इच्छा होणे ओघानेच आले. २२ ऑक्टोबर १९३६ रोजी न्यूयॉर्कचे काही चाहते आगगाडीने फिलाडेल्फियाला गेले, तिथल्या मंडळींना भेटले आणि या भेटीला त्यांनी थाटात ‘कन्व्हेन्शन’ म्हटले. ३ जानेवारी १९३७ रोजी इंग्लंडमधील लीड्स येथे थिऑसॉफिकल हॉलमध्ये एक सभा भरली. तिला वीसेक माणसे होती, पण तिची आगाऊ जाहिरात झाली होती, सभागृह भाड्याने घेतलेले होते आणि कार्यक्रम आखलेला होता. तरुण आर्थर क्लार्क तिथे उपस्थित होते. यांपैकी पहिले संमेलन कोणते, यावर अटलांटिकच्या दोन्ही तीरांवरील अभिमानी मंडळी अजूनही वाद घालतात. पूर्वनियोजन हा निकष मानला तर लीड्सचे पारडे जड आहे, आणि घरगुती भेटीला नंतर नाव देऊन संमेलन बनवता येत नाही, हे मान्य करायला हरकत नसावी.

२ ते ४ जुलै १९३९ या काळात न्यूयॉर्कच्या कॅरव्हॅन हॉलमध्ये भरलेल्या संमेलनाला ‘जागतिक’ हे विशेषण लाभले, ते त्या वर्षी त्याच शहरात चालू असलेल्या जागतिक प्रदर्शनामुळे. उद्याच्या जगाचे दर्शन घडवणे ही त्या प्रदर्शनाची मध्यवर्ती कल्पना होती आणि विज्ञानकथेच्या वाचकांना आपले संमेलन त्याच्या सावलीत भरवावेसे वाटले. सुमारे दोनशे माणसे जमली, चित्रकार फ्रँक पॉल सन्माननीय अतिथी होते आणि फ्रिट्झ लांग यांचा ‘मेट्रोपोलिस’ हा मूकपट दाखवण्यात आला. लॉस एंजेलिसहून ब्रॅडबरी बसने आले. प्रवासखर्चाचे पैसे त्यांनी ॲकरमन यांच्याकडून उसने घेतले होते, आणि बरोबर आपले मित्र हानेस बोक यांची चित्रे संपादकांना दाखवण्यासाठी आणली होती. त्या वर्षाअखेरीस ‘वियर्ड टेल्स’च्या मुखपृष्ठावर बोक यांचे चित्र झळकले. ॲकरमन आणि मोरोजो भविष्यकाळातील माणसांचे पोशाख घालून वावरले. हे पोशाख मोरोजो यांनी शिवलेले होते. आज जगभरच्या संमेलनांत दिसणाऱ्या वेशभूषेच्या प्रथेचा उगम तिथे दाखवला जातो, मात्र त्याचे श्रेय दीर्घकाळ एकट्या ॲकरमन यांच्या खात्यावर जमा होत राहिले.

याच संमेलनाच्या दारात सहा जणांना प्रवेश नाकारण्यात आला. विज्ञानकथेच्या चाहत्यांनी पुरोगामी राजकारणात उतरले पाहिजे, असे मानणाऱ्या ‘फ्यूचरियन’ या न्यूयॉर्कच्या गटातील वोलहाइम, पोल, मिशेल, सिरिल कॉर्नब्लुथ, रॉबर्ट लाउंडेस आणि जॅक गिलेस्पी हे ते सहा होत. आयोजकांपैकी सॅम मोस्कोविट्झ यांना आयोजकांची हुकूमशाही चालू असल्याचा आरोप करणारी पत्रके सभागृहात सापडली, आणि त्यांनी फ्यूचरियन मंडळींना दारातच अडवले. पत्रके प्रत्यक्षात डेव्हिड काइल यांनी काढली होती, आणि ते मात्र आत होते. त्याच गटातले एकोणीस वर्षांचे आयझॅक ॲसिमॉव्ह यांनाही आत जाता आले. बाहेर राहिलेल्यांपैकी पोल पुढे नामवंत संपादक झाले आणि वोलहाइम यांनी स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. मोस्कोविट्झ यांनी या काळाचा जो ग्रंथ १९५४ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात पोरवयातील भांडणे साम्राज्यांच्या लढायांच्या इतमामाने वर्णिलेली आहेत. त्याची थट्टा पुष्कळ झाली, तरी या इतिहासाचा इतका बारीक तपशील उपलब्ध आहे, तो भांडणाऱ्या दोन्ही पक्षांनी एकमेकांविरुद्ध छापून ठेवलेल्या कागदांमुळेच.

१९४० मध्ये शिकागो आणि १९४१ मध्ये डेन्व्हर येथे संमेलने झाली, युद्धामुळे चार वर्षे खंड पडला आणि १९४६ मध्ये लॉस एंजेलिसला क्रम पुन्हा सुरू झाला. दरम्यान कार्यपद्धती ठरून गेली. येणारा माणूस प्रेक्षक म्हणून तिकीट काढत नाही, तर वर्गणी भरून सदस्य होतो. पुढचे स्थळ सदस्यांच्या मतांनी ठरते. आणि मासिकांनी देणगीदाखल दिलेल्या मूळ चित्रांचा लिलाव करून त्या काळी खर्चाची बरीचशी भरपाई केली जाई. आज संग्राहक ज्यांच्यासाठी मोठमोठ्या रकमा मोजतात, ती मुखपृष्ठचित्रे तेव्हा थोड्या डॉलर्सना विकली गेली. १९५३ मध्ये फिलाडेल्फियाच्या संमेलनात गर्न्सबॅक यांच्या नावाने ह्यूगो पुरस्कार सुरू झाले, तेही सदस्यांच्या मतदानावरच.

पत्रांतली ओळख आणि प्रत्यक्षातला माणूस यांतील अंतराचा गमतीदार प्रत्यय १९५१ च्या न्यू ऑर्लिन्स संमेलनात आला. जॉर्जियातील सव्हाना येथून ‘क्वांड्री’ हा अत्यंत लोकप्रिय अंक काढणारे ली हॉफमन हे पुरुष असावेत, असे पत्रव्यवहारातील बहुतेकांनी गृहीत धरले होते. संमेलनात समोर आली ती एकोणीस वर्षांची तरुणी. तिने काही लपवले नव्हते, पण ‘ली’ हे नाव स्त्री-पुरुष दोघांनाही चालते आणि विचारण्याचे कोणाला सुचले नाही, यावरून त्या वर्तुळाची घडण कळते.

पुढच्या वर्षी बेलफास्टचे वॉल्टर विलिस शिकागोच्या संमेलनाला आले. विलिस सरकारी नोकरीत होते, आणि बॉब शॉ व जेम्स व्हाइट या पुढे लेखक म्हणून नावारूपाला आलेल्या मित्रांसह खिळे हाताने जुळवून ‘स्लँट’ हा अंक छापत. अमेरिकेची बोट गाठणे त्यांच्या ऐपतीत नव्हते, म्हणून अमेरिकन चाहत्यांनी वर्गणी जमवून त्यांना बोलावले, आणि विलिस यांनी परतल्यावर लिहिलेले प्रवासवर्णन मूळ प्रवासाइतकेच गाजले. या अनुभवातून १९५३ मध्ये ‘टॅफ’ हा अटलांटिकपार प्रवासनिधी स्थापन झाला. इच्छुक उमेदवार उभे राहतात, दोन्ही बाजूंचे चाहते अल्प देणगीसह मत देतात, निवडून आलेला प्रतिनिधी निधीच्या पैशाने समुद्रापलीकडच्या संमेलनाला जातो, आणि परतल्यावर त्याने पुढील प्रतिनिधीसाठी निधीचा कारभार सांभाळावा व प्रवासवर्णन लिहावे अशी अपेक्षा असते. पहिली जबाबदारी बहुतेकांनी पार पाडली, दुसरीच्या बाबतीत मात्र अनेकांवर वर्षानुवर्षे थकबाकी राहिली. ऑस्ट्रेलियासाठी असाच निधी १९७२ मध्ये निघाला.

विनोदाचे नियमात रूपांतर करण्याची या लोकांची हातोटी १९५८ मध्ये दिसली. कॅलिफोर्नियातील साऊथ गेट या लहान गावच्या रिक स्नीरी यांनी दहा वर्षे आधीपासून ‘साऊथ गेट इन फिफ्टी-एट’ हे यमक घोषणा म्हणून चालवले होते. साल उजाडले तेव्हा गावात पुरेसे मोठे हॉटेल नव्हते, म्हणून संमेलन लॉस एंजेलिसच्या अलेक्झांड्रिया हॉटेलात भरले, आणि ती जागा संमेलनापुरती साऊथ गेटचीच मानावी असे महापौरांच्या फर्मानाने ठरवून घेण्यात आले.

दूरचित्रवाणीने या घडीला धक्का दिला. जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कला ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या प्रेक्षकांनी भरवलेल्या संमेलनाला काहीशे माणसांची अपेक्षा असताना तीन हजारांहून अधिक आली, आणि त्यानंतर कंपन्यांनी चालवलेल्या, तिकीट काढून ताऱ्यांच्या सह्या मिळवण्याच्या सोहळ्यांचे युग सुरू झाले. वर्ल्डकॉनने सदस्यत्वाची चौकट सोडली नाही. प्रवास न करता केवळ मतदानाचा हक्क घेणारा सदस्य तिथे पूर्ण सदस्य मानला जातो. मेरीलँडमधील हेगर्सटाउन येथील पत्रकार हॅरी वॉर्नर संमेलनांना क्वचितच जात, पण आलेल्या जवळपास प्रत्येक फॅनझीनला पत्र लिहीत. १९७१ च्या बॉस्टन संमेलनाने त्यांना चाहत्यांमधून निवडलेले सन्माननीय अतिथी केले. उलट २०२१ मध्ये २०२३ चे स्थळ ठरवताना चीनमधून आलेल्या बऱ्याच मतपत्रिकांवर घराचा पत्ता नव्हता, आणि अशी मते ग्राह्य धरावीत की नाही यावर रण माजले. ती अखेर मोजली गेली आणि छंग्तू विजयी झाले.

मराठीत विज्ञानकथेची वाट वेगळी गेली. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानरंजन कथांची स्पर्धा सुरू केली. जयंत नारळीकर यांनी आपली ‘कृष्णविवर’ ही कथा १९७४ मध्ये आद्याक्षरे उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांनी ही धारा पुढे नेली, पण तिला आधार शास्त्रज्ञांचा, परिषदेचा आणि दिवाळी अंकांचा राहिला. वाचकांनी एकमेकांचे पत्ते गोळा करून स्वतंत्र संघटना उभारल्याचे चित्र दिसत नाही. याचे एक कारण, अमेरिकेत विज्ञानकथेची जशी साहित्याबाहेरच्या कोंडवाड्यात रवानगी झाली तशी मराठीत झाली नाही, यात शोधता येते. पल्प मासिकांच्या वाचकांना साहित्याच्या दरबारात जागा नव्हती म्हणून त्यांनी स्वतःचा दरबार भरवला, तर मराठीत विज्ञानकथा प्रारंभापासून प्रबोधनाच्या सन्मान्य कार्यात गणली गेली, आणि २०२१ मध्ये नाशिकच्या चौऱ्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकर यांच्याकडे गेले. या सन्मानामुळे वाचकाच्या हाती स्वतःचे व्यासपीठ उभारण्याची निकड उरली नाही, हा त्याच व्यवहारातला तोटा म्हणावा लागेल.