वाड्यातील ऊन पाणी

पेठांचा इतिहास सांगताना आम्ही वाड्यांचे मालक मोजतो. न्हाणीघरात पाणी कोणी तापविले, हे क्वचितच विचारतो. बुधवार पेठ औरंगजेबाच्या काळी मुहियाबाद म्हणून वसली. नानासाहेब पेशव्यांच्या अमदानीत कात्रजचे पाणी नळाने शहराच्या हौदांत आले. ज्या वाड्यात हौद नव्हता, तेथे ते पाणक्याच्या खांद्यावरून जाई.

पुढे घरोघर तांब्याचा बंब आला. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी. तो घडविला कसब्यातील तांबट आळीच्या हातोड्याने. ठोके घालणारा तांबट आणि पहाटे लाकूडफाटा पेटविणारी बाई, यांच्या श्रमांवर वाड्याची सकाळ उभी होती.

आता उष्णता-पंपाची गोष्ट निघते. यंत्राने हवेतील उष्णता ओढून इमारत उबविण्याची कल्पना विल्यम थॉमसन, पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८५२ साली मांडली. तेच तत्त्व पाण्याला लावले, की एक भाग विजेत सुमारे तीन भाग उष्णता मिळते. मात्र २०० लिटर पाण्याचे वजन २०० किलो; जुन्या तुळयांवर ते लादू नये, टाकी चौकात जमिनीवर ठेवावी.

खरा अडसर तुळईचा नाही, भाड्याचा आहे. १९४७ च्या भाडे कायद्याने बिऱ्हाडांना आसरा दिला; पण भाडी गोठली आणि पुष्कळ मालकांनी दुरुस्तीतून अंग काढून घेतले. मग खर्च कोणाचा, जागा कोणाची? मालक व बिऱ्हाडे यांनी एकत्र बसून लेखी ठराव करावा. बंबापुढे वाकलेली पाठ सरळ होत असेल, तर यंत्राचे स्वागतच आहे. त्याच्या निमित्ताने बिऱ्हाड मात्र हलता कामा नये.