डोक्यावर कडी असलेलं घड्याळ

जुन्या इंग्लिश ब्रॅकेट घड्याळाच्या डोक्यावर पितळी कडी असते. आज ती नक्षी वाटते. मुळात ती उचलण्यासाठी होती. 17व्या-18व्या शतकात घड्याळ इतकं महाग असे, की दिवाणखान्यातलंच रात्री निजायच्या खोलीत न्यायचं. काहींना दोरी असे. अंधारात ती ओढली की किती वाजले ते ठोक्यांनी कळे.

हलवता यावं म्हणून त्यात वजनांऐवजी स्प्रिंग घातली. चावी दिल्यावर स्प्रिंगचा जोर जास्त, मग कमी होत जातो. तो सारखा राहावा म्हणून ‘फ्युझी’ नावाची शंकूसारखी चक्री आली. चाकांची गती रोखून धरणारी रचना ‘व्हर्ज’ पद्धतीची. घड्याळ जरा तिरकं बसलं तरी व्हर्ज चालत राही. पण दिवसाकाठी काही मिनिटं चुके.

त्या काळात हे खपून जाई. प्रत्येक गावाची वेळ तिथल्या सूर्यावर ठरे. मुंबईपेक्षा पनवेलची दुपार सुमारे 1 मिनिट आधी, पुण्याची सुमारे 4. मुंबईहून पुण्याला जाणारा होडीनं पनवेल बंदरात उतरे आणि बोरघाट चढे. घाटातला गाडीरस्ता 1830 साली खुला झाला. अशा वाटेनं मुंबईची वेळ तंतोतंत सोबत नेऊन पुण्यात तिचा उपयोग तरी काय?

1863 साली बोरघाटातून रेल्वे धावली आणि पुण्याच्या प्रवाशाला पनवेलला उतरायची गरज उरली नाही. रेल्वेला मिनिटांचा हिशेब हवा होता. इकडे इंग्लंडमध्ये 19व्या शतकात अनेक ब्रॅकेट घड्याळांतलं व्हर्ज काढून जास्त अचूक ‘अँकर’ बसवलं गेलं. घड्याळ सुधारलं, पण आता ते सपाट जागी नीट बसवावं लागे. कडी तशीच राहिली, तिचं काम गेलं.

म्हणून जाणता संग्राहक तबकडीआधी मागचं दार उघडतो. मागच्या पत्र्यावर रिकामी भोकं दिसली, तर तिथून जुने भाग काढले असण्याची शक्यता असते. मूळ व्हर्ज शाबूत असेल, तर किंमत बरीच वाढते.

पनवेलच्या दमट हवेत असं घड्याळ सांभाळणं सोपं नाही. स्प्रिंग गंजते, लाकूड फुगतं. दुरुस्तीला देताना ‘वेळ बरोबर दाखवेल असं करा’ म्हणू नका. बरोबर वेळ तुमच्या मोबाइलमध्ये आहे. गंज काढा, तेल द्या, आणि त्याला त्याची मिनिटं चुकू द्या.