वर्कमन दांपत्याची सायकलयात्रा
(नभोवाणीवरील भाषण)

लांबच्या प्रवासाला निघावयाचें म्हणजे आपल्या घरांतून कामाची वांटणी आधींच ठरलेली असते. तिकिटें काढणें, वेळापत्रक पाहणें, हमाल ठरविणें हीं कामें यजमानांचीं. फराळाचे डबे, पांघरुणें व मुलांचे कपडे पाहणें हें घरधनिणीचें. आज ज्या जोडप्याची हकीकत मी सांगणार आहें, त्यानें ही वांटणीच मोडून नवी मांडली. आणि तीहि सायकलीवर बसून.

पतिपत्नींनीं मिळून सायकलीवरून दूरदेशीं जावें ही कल्पना फार जुनी नाहीं. १८८० च्या सुमारास जी सायकल प्रचारांत होती, तिचें पुढचें चाक छातीइतकें उंच व मागचें अगदीं चिमुकलें असे. लांब झगा नेसणाऱ्या स्त्रीला तिच्यावर चढणें अशक्यप्रायच होतें. म्हणून जोसेफ पेनेल हे अमेरिकन चित्रकार व त्यांच्या लेखिका पत्नी एलिझाबेथ यांनीं १८८४ सालीं, म्हणजे लग्नाच्याच वर्षीं, दोघांनीं मिळून चालवावयाची तीनचाकी घेतली. तिच्यावरून तीं लंडनहून कँटरबरीस गेलीं व त्याच वर्षीं पुढें इटलींत फ्लॉरेन्सपासून रोमपर्यंतचा प्रवास त्यांनीं केला. पत्नीनें वृत्तांत लिहावा व पतीनें चित्रें काढावीं, असा त्यांचा क्रम असे. परंतु यंत्र एकच असल्यामुळें दोघांची गति एक आणि दोघांची वाटहि एकच.

१८८५ सालीं इंग्लंडांत स्टार्ले यांनीं ‘रोव्हर’ सायकल काढली. तिचीं दोन्ही चाकें जवळजवळ सारखीं असून मागच्या चाकाला सांखळीनें गति मिळे. १८८८ सालीं डनलॉप यांनीं हवा भरलेल्या रबरी टायरचें पेटंट घेतलें. मधली दांडी खालीं वळविलेली स्त्रियांची सायकलहि लवकरच निघाली. या बदलांमुळें स्त्रीला पतीच्याच यंत्रावर बसण्याचें कारण उरलें नाहीं. तिला स्वतःचें वाहन मिळालें. आणि त्याबरोबरच स्वतःचें ओझें व स्वतःचीं पंक्चरेंहि तिच्या वांट्यास आलीं.

या संधीचा पुरेपूर उपयोग ज्यांनीं केला, त्या फॅनी बुलक वर्कमन यांचा जन्म १८५९ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत झाला. वडील त्या संस्थानचे गव्हर्नर होते. घरीं संपत्ति विपुल. पति विल्यम हंटर वर्कमन हे डॉक्टर असून वयानें बारा वर्षांनीं मोठे होते. प्रकृति बिघडल्यामुळें १८८९ सालीं त्यांनीं धंदा सोडला व तीं दोघें जर्मनींत ड्रेस्डेन येथें राहूं लागलीं. १८९३ सालीं त्यांचा लहानगा मुलगा इन्फ्लुएंझा व न्यूमोनियानें दगावला. मोठी मुलगी रेचेल हिला दाया व शाळा यांच्या स्वाधीन करून या दांपत्यानें आपले मोठे सायकलप्रवास केले ते या आघातानंतरच्या वर्षांत.

प्रथम अल्जीरिया व नंतर १८९५ सालीं स्पेन. स्पेनमध्यें तीं सुमारें २,८०० मैल हिंडलीं; सरासरी दिवसाला ४५ मैल आणि क्वचित् ८० मैलांपर्यंतहि. प्रत्येकाच्या सायकलीवर सुमारें २० पौंडांचें सामान असे. पत्नीचें ओझें पतीनें उचलावें हा शिष्टाचार येथें निरुपयोगी ठरला, कारण दोघांचे पाय सारखेच फिरत होते.

१८९७ च्या अखेरीस त्यांनीं पूर्वेकडील मोहिमेस आरंभ केला. वर्कमनबाई तेव्हां ३८ वर्षांच्या व डॉक्टर ५० चे होते. सुमारें अडीच वर्षें चाललेल्या या मोहिमेंत हिंदुस्थानच्या दक्षिण टोंकापासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत तीं आलीं. १९०४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाच्या उपशीर्षकांतच १४,००० मैलांचा उल्लेख आहे. बेत मोठा व्यवहारी होता. मुख्य रेल्वेमार्गांच्या जवळपासचे रस्ते धरावे, म्हणजे अन्नपाणी मिळतें. आणि दुसरी सोय न झाल्यास स्टेशनाच्या वेटिंगरूममध्यें रात्र काढतां येते. सामान म्हणाल तर चहा, साखर, बिस्किटें, चीज, डब्यांतलें मांस, पाणी, उशा, प्रत्येकीं एक ब्लँकेट, लेखनसाहित्य, औषधें आणि दुरुस्तीचीं हत्यारें, इतकेंच.

तरीहि हाल चुकले नाहींत. कधीं अन्न नाहीं, कधीं पाणी नाहीं. रात्रीं डांस व उंदीर. एकेका दिवशीं चाळीस चाळीस पंक्चरें काढावीं लागलीं! बाभळीच्या कांट्यांशीं ज्यांची ओळख आहे त्यांना या आंकड्याचें नवल वाटूं नये. ट्यूब काढा, छिद्र शोधा, ठिगळ लावा, हवा भरा आणि पुनः बसा. या कामांत अधिकार गाजविण्यास कोणालाच जागा नव्हती.

परंतु या यात्रेची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. त्याच वर्षांत मुंबई-पुण्याकडे प्लेगचें थैमान चाललें होतें आणि १८९९-१९०० सालीं देशांत मोठा दुष्काळ पडला. या ग्रंथाचा भर मात्र प्राचीन मंदिरांवर व शिल्पांवर आहे. तीं मंदिरें ज्यांच्या गांवांत उभीं होतीं, त्या लोकांकडे लक्ष त्या मानानें थोडें. सायकली मागें ठेवून तीं हिमालयांत शिरलीं, तेव्हां हमालांशीं त्यांचें पटलें नाहीं व त्यांच्याविषयीं त्यांनीं कठोर शब्द लिहिले. मैदानांत स्वतःचें ओझें स्वतः वाहणारीं हीं दोघें डोंगरांत दुसऱ्यांच्या पाठीवर अवलंबून होतीं, आणि त्या पाठींची कदर त्यांना नीट करतां आली नाहीं.

वांटणीचा नियम मात्र त्यांनीं पर्वतांतहि सोडला नाहीं. एका वर्षीं मोहिमेची सर्व व्यवस्था पत्नीनें पाहावी व पतीनें शास्त्रीय कामाकडे लक्ष द्यावें, पुढच्या वेळीं उलट, असें त्यांनीं ठरविलें होतें. १९१२ सालच्या सियाचेन हिमनदीवरील मोहिमेचें नेतृत्व वर्कमनबाईंकडे होतें. तेथील सुमारें २१,००० फूट उंचीवर, स्त्रियांच्या मताधिकाराचा पुरस्कार करणारें वृत्तपत्र हातीं धरून त्यांनीं आपलें छायाचित्र काढवून घेतलें. १९२५ सालीं त्या वारल्या, तेव्हां अमेरिकेंतील चार स्त्री-महाविद्यालयांना त्यांनीं मृत्युपत्रान्वयें मोठी रक्कम ठेवली होती. डॉक्टर १९३७ पर्यंत जगले. आणि परक्यांच्या देखरेखींत वाढलेली रेचेल पुढें भूगर्भशास्त्रज्ञ झाली.

प्रवासाचा बेत आंखतांना आपण प्रथम नकाशा उघडतों. त्याआधीं दोन प्रश्न विचारावयास हवेत: कोणाचें ओझें कोण वाहणार, आणि मागें कोणाला ठेवून जाणार? पहिल्या प्रश्नाचें उत्तर वर्कमन दांपत्यानें आपल्या पायांनीं दिलें, तें आजहि घेण्यासारखें आहे. दुसऱ्याचें उत्तर त्यांनीं पैशानें दिलें. तें घ्यावें कीं नाहीं याचा विचार श्रोत्यांनीं आपापल्या घरीं करावा.