उष्णतेच्या लाटा आणि मृत्यूंची मोजणी : हवामान बदलाच्या आरोग्यविषयक परिणामांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :

हवामान बदलाचा विचार दीर्घकाळ समुद्रपातळी, हिमनद्या आणि पर्जन्यमान यांच्या संदर्भात होत राहिला. मानवी आरोग्याचा प्रश्न त्या मानाने उशिरा ऐरणीवर आला. पूर किंवा चक्रीवादळ यांत झालेली जीवितहानी सर्वांना दिसते. उष्णतेने होणारे मृत्यू मात्र सहसा घराच्या चार भिंतींआड होतात आणि मृत्यूच्या दाखल्यावर हृदयविकार, पक्षाघात किंवा मूत्रपिंडाचा विकार अशी कारणे नोंदवली जातात. हे मृत्यू मोजण्याची पद्धत कशी विकसित झाली आणि त्या मोजणीमुळे सार्वजनिक आरोग्याच्या धोरणात काय बदल घडले, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. मृत्यूंची विश्वसनीय मोजणी झाल्याशिवाय संरक्षणाची व्यवस्था उभी राहत नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

1. 'अतिरिक्त मृत्यू' या संकल्पनेचा उगम :

इंग्लंड व वेल्समध्ये 1837 पासून जन्म, मृत्यू व विवाह यांची नागरी नोंदणी सुरू झाली. या नोंदणी कार्यालयात काम करणारे विल्यम फार यांनी 1847 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत लंडनमधील मृत्यूंचा अभ्यास केला. नेहमीच्या काळात जितके मृत्यू अपेक्षित असतात, त्यांच्याशी साथीच्या काळातील एकूण मृत्यूंची तुलना केल्यास साथीची खरी तीव्रता कळते, हे त्यांनी दाखवून दिले. इन्फ्लुएंझा हे कारण दाखल्यावर नसले तरी त्या रोगाने घेतलेले बळी अशा तुलनेतून समोर आले. उष्णतेच्या लाटांचा आजचा अभ्यास मुख्यतः याच विचारावर आधारलेला आहे. मात्र त्यासाठी एक पूर्वअट असते : दररोजच्या मृत्यूंची नियमित व पूर्ण नोंद.

2. शिकागो (1995) आणि फ्रान्स (2003) :

जुलै 1995 मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरात तापमान 41 अंश सेल्सिअसपर्यंत गेले. तेथील वैद्यकीय तपासणी अधिकाऱ्यांनी दिलेल्या उष्णताबळींच्या आकड्यांवर महापौरांनी शंका घेतली. परंतु एकूण मृत्यूंची तुलना झाल्यावर त्या आठवड्यात 739 अतिरिक्त मृत्यू झाल्याचे आढळले. मृतांमध्ये एकाकी राहणाऱ्या गरीब वृद्धांचे प्रमाण मोठे होते. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लायनेनबर्ग यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या आपत्तीची सामाजिक चिकित्सा केली.

पुढच्याच वर्षी फ्रान्सला याहून कितीतरी मोठा आघात सोसावा लागला. ऑगस्ट 2003 च्या पहिल्या पंधरवड्यात देशभर तीव्र उष्णतेची लाट होती. आरोग्य यंत्रणेतील अनेक जण सुट्टीवर होते आणि उष्णतेसाठी पूर्वसूचनेची व्यवस्थाच नव्हती. आपत्कालीन सेवेतील डॉक्टरांचे नेते पात्रिक पेलू यांनी 10 ऑगस्टच्या सुमारास वाढत्या मृत्यूंविषयी जाहीर वाच्यता केली. शवागारे अपुरी पडल्याने पॅरिसजवळील रुंजिस येथील घाऊक बाजाराचे शीतगृह वापरावे लागले. 18 ऑगस्टला आरोग्य महासंचालकांनी राजीनामा दिला. ज्यांच्या पार्थिवांवर कोणी हक्क सांगितला नाही अशा 57 जणांचा दफनविधी 3 सप्टेंबर रोजी राष्ट्राध्यक्ष जॅक शिराक यांच्या उपस्थितीत पार पडला.

फ्रान्समधील अतिरिक्त मृत्यूंची संख्या सुमारे 15,000 ठरली. त्या उन्हाळ्यातील युरोपचा एकूण आकडा 70,000 हून अधिक असल्याचे 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून स्पष्ट झाले. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, फ्रान्समध्ये नोंदणीची उत्तम परंपरा असूनही नोंदी वेळेवर एकत्र येत नव्हत्या. म्हणून 2004 मध्ये राष्ट्रीय उष्णता योजना आखण्यात आली आणि रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांतील माहिती त्वरित गोळा करण्याची यंत्रणा उभारली गेली. जुलै 2006 च्या लाटेत पूर्वानुभवावरून अपेक्षित असलेल्या संख्येपेक्षा सुमारे 4,400 मृत्यू कमी झाल्याचा निष्कर्ष संशोधकांनी काढला.

3. कारणमीमांसेचा प्रश्न :

उष्णतेमुळे किती माणसे दगावली आणि त्यात मानवनिर्मित हवामान बदलाचा वाटा किती, हे दोन भिन्न प्रश्न आहेत. एखाद्या लाटेवरून हवामान बदल सिद्ध होत नाही. 2004 मध्ये पीटर स्टॉट व सहकाऱ्यांनी असे दाखवले की, 2003 सारख्या उन्हाळ्याची जोखीम मानवी हस्तक्षेपाने किमान दुप्पट झाली असण्याची शक्यता फार मोठी आहे. पुढे 2021 मधील एका अभ्यासात 43 देशांतील 732 ठिकाणांच्या 1991 ते 2018 या काळातील नोंदी तपासण्यात आल्या. उष्ण ऋतूतील उष्णताजन्य मृत्यूंपैकी सरासरी 37 टक्के मृत्यूंचा संबंध मानवनिर्मित तापमानवाढीशी असल्याचे त्यात आढळले.

या प्रश्नाला संस्थात्मक मान्यताही क्रमाक्रमाने मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 चा जागतिक आरोग्य दिन हवामान बदलापासून आरोग्याचे रक्षण या विषयाला वाहिला. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या पुढाकाराने 'लॅन्सेट काउंटडाउन' हा आंतरराष्ट्रीय प्रकल्प सुरू होऊन 2017 पासून त्याचे वार्षिक अहवाल प्रसिद्ध होऊ लागले. 2023 मध्ये दुबई येथील हवामान परिषदेत प्रथमच एक दिवस आरोग्यासाठी राखून ठेवण्यात आला.

4. अहमदाबाद आणि महाराष्ट्र :

भारतात या विचाराला वळण मिळाले ते अहमदाबादच्या अनुभवाने. मे 2010 मध्ये तेथे तापमान 46.8 अंशांवर पोहोचले. त्या महिन्यात शहरात 4,462 मृत्यू नोंदले गेले. आदल्या व पुढील वर्षाच्या मे महिन्यांची सरासरी 3,118 होती. म्हणजे 1,344 मृत्यू अतिरिक्त ठरले. महानगरपालिकेच्या मृत्युनोंदी उपलब्ध असल्यामुळेच ही तुलना शक्य झाली, हे विसरून चालणार नाही. या अभ्यासाच्या आधारे 2013 मध्ये अहमदाबादने उष्णता कृती योजना अमलात आणली. पूर्वसूचना, आरोग्य कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, पिण्याच्या पाण्याची सोय आणि विभागांमधील समन्वय हे तिचे मुख्य घटक होत. योजनेनंतर वर्षाला सरासरी सुमारे 1,190 मृत्यू टळले असावेत, असा अंदाज 2018 मधील अभ्यासात मांडला आहे. महाराष्ट्रात नागपूर परिसरासाठी 2016 मध्ये अशी योजना तयार झाली.

तथापि भारतातील मोजणीची मर्यादा गंभीर आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 चा असला तरी, 2020 च्या आकडेवारीनुसार, नोंदणी झालेल्या मृत्यूंपैकी जेमतेम एक पंचमांशाहून थोड्या अधिक मृत्यूंचेच कारण वैद्यकीय दृष्ट्या प्रमाणित होते. 16 एप्रिल 2023 रोजी नवी मुंबईतील खारघर येथे उघड्यावर झालेल्या कार्यक्रमानंतर 14 जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला, तेव्हा राज्यभर खळबळ उडाली. ते मृत्यू एका जागी, एका दिवशी घडले म्हणून दिसले. शेतात, वीटभट्टीवर, बांधकामावर किंवा पत्र्याच्या घरात एकेकट्याने होणाऱ्या मृत्यूंना असे साक्षीदार नसतात.

5. निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, दाखल्यावरील कारणावर विसंबून उष्णतेच्या बळींची संख्या कळत नाही. त्यासाठी एकूण मृत्यूंची तुलना आवश्यक ठरते. दुसरी, शिकागो, फ्रान्स व अहमदाबाद या तिन्ही ठिकाणी आपत्तीचे खरे स्वरूप मोजणीनंतरच उघड झाले. फ्रान्स व अहमदाबादेतील उपाययोजनाही त्यानंतर आल्या. तिसरी, केवळ योजना पुरेशी नाही. युरोपात 2022 च्या उन्हाळ्यात 61,000 हून अधिक मृत्यू उष्णतेशी निगडित असल्याचा अंदाज आहे. 2003 चा आकडा वेगळ्या पद्धतीने काढलेला असल्याने दोहोंची थेट तुलना करता येत नसली, तरी धोका ओसरलेला नाही हे उघड आहे.

भारताच्या दृष्टीने यातून निघणारा बोध साधा आहे. जिल्हा व तालुका पातळीवरील दैनंदिन मृत्युनोंदी तापमानाच्या नोंदींशी जोडून पाहिल्या गेल्या पाहिजेत. त्यासाठी नव्या शास्त्राची गरज नाही; विल्यम फार यांनी पावणेदोनशे वर्षांपूर्वी वापरलेली रीत पुरेशी आहे. महाविद्यालयांतील इतिहास, भूगोल व संख्याशास्त्र या विभागांना आपापल्या गावच्या नोंदवह्यांपासून हे काम एकत्रितपणे सुरू करता येईल. ज्या मजुराचा मृत्यू कोणत्याही रकान्यात बसत नाही, त्याच्यासाठी सावलीची आणि पाण्याची तरतूद कोणत्याही अंदाजपत्रकात होत नाही.