एक जिल्हा, चार शेती : साताऱ्याच्या तालुक्यांचा इतिहास

१/ ‘सातारा जिल्ह्यातील शेती’ असा शब्दप्रयोग आपण सहज करतो. वस्तुतः अशी एकच शेती कधीही अस्तित्वात नव्हती. महाबळेश्वरी वर्षाला सुमारे ६,००० मि.मी. पाऊस पडतो, माण तालुक्यातील दहिवडीस ५०० मि.मी.च्या आसपास. दोहोंमध्ये सरळ रेषेत शंभर किलोमीटरही अंतर नाही. आजचा धागा या अंतरात सामावलेल्या इतिहासाविषयी.

२/ प्रथम पश्चिमेचा डोंगरपट्टा : महाबळेश्वर, जावळी, पाटण. पाऊस उदंड, परंतु जमीन उताराची, जांभ्याची, पातळ. पावसाबरोबर मातीचा कसही वाहून जातो. म्हणून येथे नाचणी, वरी आणि खाचरांतून भात. पालापाचोळा, शेण जाळून राब भाजायचा आणि त्यावर रोपे धरायची, ही येथील जुनी रीत.

३/ या पट्ट्याला दुसरा आघात कायद्याचा. १८७८च्या वन कायद्यानंतर डोंगरउतारावरील फिरती शेती आणि राबासाठी लागणारी तोड यांवर निर्बंध आले. पावसाळा संपला की पाणी नदीने निघून जाई. रब्बीचे पीक नाही, रानही मोकळे नाही. उरली मुंबईची वाट : गिरणी, गोदी आणि पुढे माथाडी काम.

४/ मधला पट्टा कृष्णाकाठचा : वाई, सातारा, कोरेगाव, कराड. पाऊस बेताचा, माती काळी व खोल. विहिरीवरील मोटेच्या पाण्यावर येथे ऊस, हळद व भाजीपाला होत असे. जिरायतीत ज्वारी, भुईमूग, कडधान्ये. कराडजवळ खोडशी येथे बंधारा घालून १८६०च्या दशकात कृष्णा कालव्याचे काम झाले. ज्या भागाला निसर्गाने आधीच दिले होते, त्यालाच कालवाही लवकर मिळाला.

५/ पूर्वेस माण व खटाव. सह्याद्रीने अडवलेला पाऊस शंभूमहादेवाच्या डोंगररांगेपलीकडे आणखी क्षीण होतो. खरिपात बाजरी, भरवसा मात्र परतीच्या पावसावर, त्याच्या ओलीवर येणाऱ्या शाळूवर. जोडीला मेंढपाळी, घोंगडी आणि खिलार जनावरे. ही शेती मागासलेली म्हणणे चूक आहे. अनिश्चित पावसाशी केलेला तो अत्यंत विचारपूर्वक करार होता.

६/ १८७६-७८च्या दुष्काळात हा करार मोडला. त्या काळात सरकारने या भागात तलावांची कामे घेतली. म्हसवड आणि नेर हे तलाव त्याच पिढीतले. परंतु तलाव भरण्यासही पाऊसच लागतो. स्थानिक पावसावर अवलंबून असलेला तलाव दुष्काळी वर्षी शेतकऱ्याबरोबरच कोरडा पडतो.

७/ येथे फलटणकडे पाहावे. फलटण माणला लागून आहे आणि पाऊसही जवळपास तितकाच. तरीही फलटणच्या उत्तर भागात ऊस उभा आहे. कारण? नीरा उजवा कालवा. त्याचे पाणी स्थानिक पावसाचे नसून भोरच्या घाटमाथ्यावरचे. भाटघरचे नवे धरण १९२८ साली पूर्ण झाले आणि १९३०च्या दशकात या संस्थानी मुलखाची शेती पालटली.

८/ म्हणजे एकाच आभाळाखाली दोन शेजारी तालुके, आणि त्यांची नशिबे निराळी. हा फरक पावसाने केलेला नाही. कालव्याची रेषा कोणत्या उंचीवरून गेली, याने केला. माणची जमीन उंचावर आहे. प्रवाही कालवा तेथे चढत नाही. पाणी उचलून न्यावे लागते, आणि त्याचा निर्णय होण्यास विसावे शतक संपत आले.

९/ दरम्यान पश्चिमेस कोयना धरण झाले. जावळी-पाटणमधील अनेक गावे शिवसागराखाली गेली. कृष्णा पाणीवाटप लवादाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवण्यास मान्यता दिलेले पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी. वीज निर्माण करून ते पोफळीच्या बाजूने वाशिष्ठीत उतरते आणि समुद्रास मिळते. त्या विजेने महाराष्ट्राचे उद्योग उभे राहिले, हे खरेच. परंतु त्याच जिल्ह्याच्या पूर्वेस उन्हाळ्यात टँकर फिरत, हेही तितकेच खरे.

१०/ आता नकाशा पुन्हा पाहा. सर्वाधिक पावसाचा जावळी-पाटण पट्टा आणि सर्वांत कोरडा माण-खटाव : दोन्हींनी आपली माणसे बाहेर धाडली. एकाने मुंबईच्या बाजारपेठांत हमाल दिले, दुसऱ्याने देशभर सोने-चांदी गाळणारे गलाई कारागीर. माणसे गावी टिकली ती मुख्यतः मधल्या पट्ट्यात, जेथे माती आणि पाणी एकत्र आले.

११/ म्हणूनच जिल्ह्याच्या ‘सरासरी’ पावसाविषयी सावध असावे. महाबळेश्वर आणि दहिवडी यांची सरासरी काढली, तर जो आकडा येतो तितका पाऊस दोन्ही ठिकाणी कधीच पडत नाही. १८८५च्या सातारा गॅझेटियरने तालुकावार वर्णन केले, ते महसुलाच्या सोयीसाठी. आपण ते वाचावे ते न्यायाच्या प्रश्नासाठी : पाणी कोठे पडले, आणि ते कोणाला मिळाले?

धागा समाप्त. तुमच्या तालुक्यात बागाईत आणि जिराईत यांची सीमा कोणत्या वर्षी, कशामुळे बदलली? घरातील वडीलधाऱ्यांना विचारून अवश्य लिहा.